भाजल्यावर आधी पाणी, तेल महिन्याभरानंतर: पहिल्या मिनिटापासून डाग निवळेपर्यंत काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

भाजलेलं माणूस ड्रेसिंगला आलं की मला पहिलं काम असतं ते जखमेवरचं घरगुती औषध काढण्याचं. एका गणपतीत चार वर्षांची मुलगी आली होती. मोदकपात्राचं झाकण काढताना ती जवळ होती, वाफ थेट कोपराखाली बसली. घरच्यांनी घाबरून टूथपेस्ट फासली आणि दोन तासांनी हाताला चुन्याचा गिलावा दिल्यासारखी ती कडक झाली. उकळून गार केलेल्या पाण्यात हात बुडवून मी पापुद्रा पापुद्रा सोडवत होते आणि पोर बापाच्या शर्टाचं बटण मुठीत घट्ट धरून बसली होती. त्या पेस्टबरोबर कातडीही निघाली. वीस मिनिटं नळाखाली हात धरला असता तर एवढं सोसावं लागलं नसतं.

कोकणात ड्रेसिंग करताना इतक्या वर्षांत मला चुका दोनच जागी होताना दिसल्या. एक, पहिल्या वीस मिनिटांत. दुसरी, जखम भरल्यानंतरच्या वर्षभरात, कारण खपली पडली की काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. आपण चांगल्या वस्तूसुद्धा चुकीच्या वेळी वापरतो. खोबरेल तेल पहिल्या दिवशी नुकसान करतं, तेच महिन्याभरानंतर डागाला मऊ करतं. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिते आहे. क्रम बदलू नका.

## आधीची तयारी

उन्हाळ्यात घराच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. एप्रिल-मे महिन्यात भाजलेला हात घाईघाईने त्या नळाखाली धरणारे मी पाहिले आहेत. तुमच्या घरी कुठलं पाणी दुपारी बारा वाजताही गार असतं, ते आजच बघून ठेवा: विहिरीचं, माठातलं, की पंपाचं. टाकीचंच पाणी असेल तर आधी गरम पाणी वाहून जाऊ द्या, गार लागलं की मग हात धरा.

स्वयंपाकघराजवळ एका डब्यात ठेवायच्या वस्तू: धुऊन इस्त्री केलेलं जुनं सुती धोतर किंवा लुगड्याचा तुकडा, अन्न गुंडाळायचा पारदर्शक क्लिंग फिल्मचा रोल, कात्री, पॅरासिटामॉल, निर्जंतुक गॉज, व्हॅसलिन गॉज आणि क्रेप बँडेज (ताणली जाणारी पट्टी). कापूस ठेवू नका. त्याचे तंतू जखमेत अडकतात.

आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर घरातल्या मुलांनाही पाठ हवा.

## टप्पा १: आग, वाफ किंवा वीज आधी तोडा

कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळू नका, पळू देऊ नका. वारा लागून ज्वाळा तोंडाकडे चढतात. माणसाला जमिनीवर आडवं करा आणि गोधडी, सतरंजी किंवा गोणपाट टाकून ज्वाळा दाबा. नायलॉनचा गाऊन किंवा साडी टाकू नका, ती वितळून अंगाला चिकटते.

विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच. पावसाळ्यात तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊच नका, आधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. विजेने भाजलेली जागा वरून नाण्याएवढी दिसली तरी आत स्नायू जळलेले असू शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून विजेचं भाजणं कधीही घरी ठेवायचं नाही.

गरम पेज किंवा उकड अंगावर सांडली तर ती साध्या पाण्यासारखी ओघळून जात नाही. पिठाळ असल्यामुळे चिकटून बसते आणि भाजत राहते. हाताने पुसत बसू नका, भराभर पाणी ओतून ती धुऊन काढा.

## टप्पा २: वीस मिनिटं वाहतं पाणी

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गार, स्वच्छ, वाहतं पाणी सलग वीस मिनिटं. नळ नसेल तर कळशीतून तांब्याने एकसारखी धार धरा. एकाने ओतायचं, दुसऱ्याने घड्याळ बघायचं, कारण घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटंही वीस वाटतात. वरची आग विझली तरी कातडीच्या आतल्या थरांत उष्णता साठलेली असते. ती पाण्याने काढली नाही तर जखम आणखी खोल जाते.

उशीर झाला म्हणून हे सोडून देऊ नका. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो.

पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठी, पैंजण, जोडवी, करदोटा काढा. सूज चढायला वेळ लागत नाही, मग अंगठी कापावी लागते. भाजलेल्या भागावरचे कपडे काढा, पण कातडीला चिकटलेला तुकडा ओढू नका. त्याच्या भोवतीने कापून तेवढा तसाच ठेवा.

सावधान: बर्फ नको. फ्रीजमधलं गारढोण पाणीही नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेली कातडी मरते. बोटीवर भाजलं तर पिण्याचं पाणी वापरा. खाडीचं खारं पाणी झोंबतं आणि जंतूही आणतं.

सावधान: लहान मूल, म्हातारं माणूस किंवा खूप मोठा भाग भाजला असेल तर अंगात थंडी भरते. पाणी फक्त भाजलेल्या जागेवर, बाकीचं अंग कोरड्या पांघरुणात. कुडकुडायला लागलं तर पाणी थांबवा.

पाण्याआधी एक अपवाद. भिंतीला द्यायचा कळीचा चुना अंगावर कोरडा पडला असेल तर आधी कोरड्या फडक्याने झटका, मगच भरपूर पाणी. थोड्या पाण्यात तो तापतो. डोळ्यात गेला तर मात्र थांबायचं नाही. पापणी उघडी धरून अर्धा तास पाण्याची धार आणि थेट डोळ्यांचा डॉक्टर.

ओले काजूगर काढताना सालातलं तेल उडतं, त्याचंही भाजणंच होतं. बोटांची सालं निघतात आणि तोच हात चेहऱ्याला लागला की ओठ-पापण्या सुजतात. ते तेल पाण्याने हलत नाही. फडक्याने टिपून साबणाने दोन-तीनदा धुवा. बिब्ब्याचंही तसंच. बिब्ब्याने भाजून आलेले लोक मी पाहिले आहेत आणि तो त्यांनी दुसऱ्याच दुखण्यावर औषध म्हणून लावलेला होता.

## टप्पा ३: झाका, आणि काहीही लावू नका

वीस मिनिटं झाली की जागा हलकेच टिपून घ्या आणि क्लिंग फिल्मचा एक थर वर ठेवा. पहिला वेढा टाकून द्या, पुढचा वापरा. हाताभोवती आवळून गुंडाळू नका, सूज येणार आहे. फिल्म नसेल तर ते इस्त्रीचं सुती कापड. हवा लागली की जखम झोंबते. नुसतं झाकल्याने बरंच दुखणं कमी होतं, हे लोकांना खरं वाटत नाही.

हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, मध, अंड्याचा बलक, बटाट्याचा कीस, चुलीतली राख, शेण आणि ते घरोघरी असलेलं पिवळं मलम, यांतलं काहीही नको. तुपातेलाने उष्णता आत कोंडते. राखेने आणि शेणाने जखमेत जंतू शिरतात, धनुर्वाताची भीती असते. रंगीत वस्तूंनी कातडीचा रंग झाकला जातो आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरला कळत नाही. हळद जेवणात उत्तम आहे, उघड्या जखमेवर नाही. सिल्व्हर सल्फाडायझीनचं पांढरं मलमसुद्धा डॉक्टरने जखम बघण्याआधी लावू नका, त्याच्या थराखाली खोली समजत नाही. ज्यांना सल्फाच्या औषधाची ॲलर्जी आहे त्यांनी तर नाहीच.

फोड फोडू नका. वरचं कातडं हे त्या जखमेचं सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. मोठा, ताणलेला, सांध्यावरचा फोड असेल तर तो काढायचा का हे दवाखान्यात ठरतं.

## टप्पा ४: घरी राहायचं की निघायचं

रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटं जुळवून, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का भाग. लहान मुलासाठी मुलाचाच पंजा धरायचा, आपला नाही. नुसती लालसर झालेली जागा मोजायची नाही, फोड आलेली किंवा कातडी गेलेली मोजायची.

आता रंग बघा. लाल, कोरडी, झोंबणारी, फोड नसलेली जागा म्हणजे वरवरचं भाजणं. फोड, खाली ओली गुलाबी कातडी आणि खूप दुखणं म्हणजे मधला थर. पांढरी, मेणासारखी, तपकिरी किंवा काळी, चामड्यासारखी जागा म्हणजे पूर्ण खोल, आणि ही दुखत नाही. न दुखणं हे इथे वाईट लक्षण आहे. "दुखत नाही म्हणते, म्हणजे बरं आहे" असं म्हणून तिसऱ्या दिवशी आणलेली बाई मला अजून आठवते.

लगेच निघा, जर:
- मोठ्या माणसाचा १० टक्क्यांहून जास्त किंवा मुलाचा ५ टक्क्यांहून जास्त भाग भाजला असेल;
- चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रिय किंवा कुठलाही सांधा असेल, किंवा हातापायाला गोल वेढा पडला असेल;
- वीज, ॲसिड किंवा इतर रसायन असेल;
- बंद खोलीत धूर गेला असेल, आवाज बसला असेल, नाकातले केस करपले असतील किंवा थुंकीत काजळी दिसत असेल;
- गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा मधुमेही असेल.

धुरात सापडलेल्या माणसाचा घसा आतून सुजतो आणि तासाभरात श्वास बंद पडू शकतो. तो बोलतोय, चालतोय म्हणून थांबू नका.

१०८ ला फोन करा आणि भाजल्याची वेळ कागदावर लिहून द्या. मोठ्या भाजण्यात शिरेतून किती सलाईन द्यायचं याचा हिशेब दवाखान्यात पोचल्यापासून नाही, भाजल्यापासून धरतात. पहिल्या चोवीस तासांच्या सलाईनपैकी निम्मं पहिल्या आठ तासांत जायला हवं असतं. म्हणून मोठ्या गावच्या हॉस्पिटलची वाट धरण्याआधी जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात सलाईन लावून घ्या. घाटात पावसामुळे दोन तासांचे चार तास होतात. सिंधुदुर्गातून लोक बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातात, रायगडच्या वरच्या बाजूने ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ पडतं. कुठे न्यायचं ते पहिल्या डॉक्टरला विचारून ठरवा आणि निघण्याआधी तिथे फोन करायला लावा. वाटेत पोटभर खायला-प्यायला घालू नका, उलटी छातीत जाते.

एक स्पष्ट लिहायला हवं. जळीताची पोलिसांत नोंद होते, या भीतीने घरचे लोक वेळ घालवतात. ती नोंद नेहमीची पद्धत आहे. जे घडलं ते जसंच्या तसं सांगा. आणि भाजलेली बाई काही वेगळं सांगू पाहत असेल तर तिला एकटीला बोलू द्या.

तपासा: धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील किंवा आठवत नसेल तर डॉक्टरला तसं सांगा.

## टप्पा ५: लहान जखमेचं घरचं ड्रेसिंग

डॉक्टरने घरी करायला सांगितलं असेल तरच, आणि या क्रमाने. अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी. हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने दहा मिनिटं भिजवा, हिसका देऊन ओढलं की नुकतीच आलेली कातडी सोबत येते. कालचं मलम पूर्ण धुऊन काढा. त्यावरच नवा थर चढवणं ही रोज दिसणारी चूक. मग व्हॅसलिन गॉज, वर कोरडा गॉज, वर सैलसर क्रेप.

हाताला प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा. एकत्र गुंडाळलेली बोटं एकत्रच भरतात. एका काकूंची मधली दोन बोटं अशी जुळून आली होती. त्यांना पुन्हा भाकरी थापता यावी म्हणून ऑपरेशन करावं लागलं.

पावसाळ्यात ड्रेसिंग ओलसर राहिलं तर त्याच दिवशी बदला. चुलीवर वाळवलेलं बँडेज पुन्हा वापरू नका.

तपासा, रोज: दुखणं आदल्या दिवशीपेक्षा वाढलंय का? लाली कडेबाहेर पसरतेय का? हिरवट पू, वास, ताप, काळे ठिपके? मुलाला भाजल्यानंतरच्या दिवसांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब झाले तर जखम लहान असली तरी रात्रीच दवाखाना गाठा.

खाण्याचं बघा. मासे खाल्ले की जखम पिकते हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि त्यानेच जखमा रेंगाळतात. नवी कातडी प्रथिनांतून बनते. ज्याला माशाची ॲलर्जी नाही त्याने मासे खावेत, अंडी खावीत. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी, डाळी, दूध, दही. नुसत्या पेजेवर ठेवलेलं माणूस भरून येत नाही.

## टप्पा ६: जखम भरत असतानाच सांधे सांभाळा

रुग्णाला ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत कातडी आखडते. मान भाजली की तो हनुवटी छातीला लावून झोपतो, काख भाजली की हात अंगाशी धरतो. दोन-तीन आठवड्यांत सांधा तिथेच धरला जातो.

म्हणून: मान भाजली तर उशी नाही, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी. काख भाजली तर हात बाजूला, खांद्याच्या रेषेत. कोपर पुढून किंवा गुडघा मागून भाजला तर सरळ. पाऊल घोट्यात काटकोनात. तळहात भाजला तर तो उघडा, बोटं सरळ. हाताची मागची बाजू भाजली तर स्थिती वेगळी असते, ती फिजिओथेरपिस्टकडून स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावूनच घ्या. डॉक्टरची परवानगी मिळताच दिवसातून चार-पाच वेळा सांधा पूर्ण हलवा. दुखेल. आईला मुलाचं रडणं बघवत नाही आणि व्यायाम सुटतो, हे मला कळतं. पण त्या मुलाचा हात पुढे आयुष्यभर त्याच्या उपयोगी पडायचा आहे.

तपासा: दोन आठवड्यांत भरणाऱ्या जखमेचा जाड डाग सहसा राहत नाही. तीन आठवडे झाले आणि जखम उघडीच असेल तर जाड डागाची शक्यता खूप वाढते. तेवढं थांबू नका. दहाव्या-बाराव्या दिवशीच प्लॅस्टिक सर्जनला दाखवा, कातडी लावायची का ते वेळेत ठरतं.

## टप्पा ७: डाग, म्हणजे पुढचं वर्ष-दीड वर्ष

खपली पडली तेव्हा सपाट दिसणारी जागा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लाल, कडक, उंच होते. लोक म्हणतात काहीतरी खाण्यात आलं. तसं नाही, डाग तेव्हा बनत असतो. तो १२ ते १८ महिने, कधी दोन वर्षं बदलत राहतो, आणि म्हणूनच या काळात त्याला वळवता येतं.

तेल आणि मालिश. जखम पूर्ण बंद, तिच्यातून पाणी अजिबात झिरपत नाही, कातडी हाताला टिकाऊ लागते, साधारण बंद झाल्यावर दोन आठवड्यांनी: आता खोबरेल तेल काढा. बोटाच्या पेराने डाग पांढरा पडेल इतका दाब द्या, गोल आणि आडवं-उभं फिरवा. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. वरवर तेल चोपडणं म्हणजे मालिश नव्हे. फोड आला तर दोन दिवस थांबा.

सिलिकॉन. जेल किंवा पट्टी, फक्त बंद कातडीवर. पट्टी पहिल्या दिवशी चार तास, हळूहळू दिवसाला बारा तास आणि त्याहून जास्त, निदान तीन ते सहा महिने. आपल्या दमट हवेत पट्टीखाली घाम साचून पुरळ येतं. पट्टी आणि कातडी दोन्ही रोज सौम्य साबणाने धुवा, कातडी पूर्ण कोरडी झाल्यावरच परत लावा. तेल लावलेल्या कातडीवर पट्टी टिकत नाही. मालिश, मग धुणं, मग पट्टी.

दाबाचे कपडे. मोठ्या किंवा जाड होणाऱ्या डागाला मापाचा प्रेशर गारमेंट, म्हणजे डागाला दाब देणारा घट्ट कपडा लागतो, दिवसाचे तेवीस तास. दोन जोड शिवून घ्या, पावसात एक वाळायलाच दोन दिवस घेतो. चुलीवर किंवा इस्त्रीने वाळवला की त्याचा ताण मरतो. दोन-तीन महिन्यांनी तो सैल पडतो, पुन्हा माप द्या.

ऊन. नवी कातडी उन्हात कायमची काळपट होते. वर्षभर बाहेर पडताना लांब बाही, आणि उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. बोटीवर आणि वाळूत पाण्यावरून परतलेलं ऊनही लागतं, टोपी पुरत नाही.

खाज. डागाला भयंकर खाज सुटते, रात्री तर जास्तच. नखं कापा, तेल लावा, सुती कपडे घाला, आणि खाजेची गोळी डॉक्टरकडून घ्या. सहन करत बसू नका.

गोरं करणारी क्रीम लावू नका. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं, डाग पातळ होऊन फाटतो.

तपासा, महिन्याला एकदा, त्याच उजेडात फोटो काढून: लाल आणि कडक म्हणजे डाग अजून बदलतो आहे, उपचार चालू ठेवा. फिका, मऊ, सपाट म्हणजे तो स्थिरावला. मूळ जखमेच्या कडा ओलांडून वाढत असेल तर ते केलॉइड आहे, त्याला मालिशने आवर बसत नाही, डागात द्यायची इंजेक्शनं लागतात.

## टप्पा ८: सर्जनकडे परत कधी

डाग सुधारण्याचं ऑपरेशन सहसा डाग स्थिरावल्यावर करतात. पण पापणी मिटत नसेल, तोंड उघडत नसेल, मान ओढली जात असेल किंवा वाढत्या मुलाचा सांधा अडत असेल तर वर्ष थांबायचं नाही. मूल वाढतं, डाग तेवढा वाढत नाही, म्हणून मुलांना मोठं होईपर्यंत दर वर्षी दाखवत राहा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

घरात कुणाच्या अंगावर वीस-तीस वर्षांपूर्वीचा भाजल्याचा डाग असेल आणि त्यावर महिनाभर न भरणारं चीर किंवा व्रण दिसत असेल, तर मलम लावत बसू नका. अशा जुन्या डागात क्वचित कर्करोग होतो. त्याचा तुकडा काढून तपासायला सांगा.